सोलापुरात दारू सोडताय? आपल्याला जमेल अशी मीटिंग कशी शोधायची

दारू सोडायची म्हटलं की सोलापुरात सल्ल्यांना तोटा नाही. कुणी अक्कलकोटला स्वामींपुढे शपथ घ्या म्हणतं, कुणी पंढरपूरला जाऊन माळ घाला म्हणतं, कुणी चहातून द्यायच्या पुडीचा पत्ता देतं. ‘मीटिंगला जा’ म्हणणारा क्वचित भेटतो. भेटला तरी कुठे, किती वाजता, आत काय चालतं, पैसे किती लागतात, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

मी स्वतः या वाटेने गेलोय. नाव मात्र देणार नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ए.ए. म्हणतात, तिथल्या परंपरेनुसार सभासदाने छापील किंवा इतर माध्यमांत स्वतःची ओळख उघड करायची नसते. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झाली. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत राहिल्याने न पिता राहू लागले. भारतात ती १९५७ पासून आहे. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो, प्रवचन नसतं, फी नसते. सभासद व्हायला एकच अट: दारू थांबवायची इच्छा. आपल्या राज्यात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, सोडायला कागदाचा चिटोरासुद्धा लागत नाही.

लोक मला विचारतात, ‘चांगली मीटिंग कुठली?’ मी उलट विचारतो, ‘तुम्ही किती वाजता प्यायचा?’ या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढा प्रश्न लक्षात ठेवा. सविस्तर दुसऱ्या पायरीत येतंच. त्याआधी एक गोष्ट आहे आणि ती टाळता येत नाही.

१. आधी अंग सांभाळा, मग मीटिंग

रोज पिणाऱ्याने, त्यातही सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात म्हणून दोन घोट घ्यावे लागणाऱ्याने, घरात कोंडून घेऊन एकदम बंद करायचं धाडस करू नये. शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही झालंय. बाहेरचं काही नसतं. वेळेत उपचार नाही मिळाले तर यात जीव जाऊ शकतो.

तेव्हा आधी डॉक्टर. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे. ते वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. केस पेपर काढायच्या खिडकीवर ‘मानसोपचार’ एवढंच सांगा, रांगेत सगळी कहाणी सांगायची गरज नाही. खासगी मानसोपचारतज्ज्ञही चालेल. किती पीत होता, कधीपासून, शेवटची कधी घेतली, याआधी कधी फिट आली होती का, हे खरं सांगा. दोन क्वार्टर घेत असाल तर ‘थोडीशी’ म्हणू नका, औषधाचा डोस त्यावर ठरतो. बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन दिलं तर ते टाळू नका, मेंदूला इजा होऊ नये म्हणून ते असतं.

फिट आली, माणूस असंबद्ध बडबडू लागला, तर वाट न बघता १०८ ला फोन.

थोडं पिणाऱ्यांना ही पायरी लवकर ओलांडता येईल. आपण ‘थोडं’ पिणाऱ्यांत मोडतो का, हे मात्र डॉक्टरला ठरवू द्या.

२. स्वतःची पिण्याची वेळ लिहून काढा

एक कागद घ्या आणि गेल्या पंधरा दिवसांचं आठवून लिहा. कोणत्या वारी, किती वाजता, कुठे, कुणाबरोबर. बहुतेकांच्या कागदावर एकच तास पुन्हा पुन्हा येतो. एमआयडीसीत दिवसपाळी करणाऱ्याचा सुटल्यानंतरचा तास. दुकानदाराचा शटर ओढल्यानंतरचा. यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्याचा तर सकाळी सातचा, कारण त्याची संध्याकाळ तेव्हा असते. घरी एकटी असणारी बाई दुपारी दोन ते चारमध्ये पीत असेल.

मीटिंग त्या तासात बसली पाहिजे. शहरातली सगळ्यात छान मीटिंग रविवारी सकाळी अकराला असेल आणि तुमचा घात शनिवारी रात्री आठला होत असेल, तर ती मीटिंग चांगली असून तुमच्या कामाची नाही. निदान तेवढीच पुरेशी नाही. ‘काय बे, बसायचं का?’ असा फोन ज्या वेळी येतो, त्या वेळी तुम्ही दुसरीकडे कुठेतरी बसलेले हवे.

त्याच कागदावर रस्ता पण लिहा. मीटिंगला जाता-येताना तुमचं नेहमीचं वाईन शॉप, देशीचं दुकान किंवा परमिट रूम लागते का? लागत असेल तर दुसरा रस्ता घ्या, दहा मिनिटं जास्त गेली तरी. आणि परतीचं बघून ठेवा. सिटी बसच्या भरवशावर रात्री नऊला जुळे सोलापूरहून विडी घरकुलला पोचायचं ठरवाल तर पहिल्याच आठवड्यात कंटाळाल. रिक्षाचं भाडं, कुणाची गाडी, काय ते आधी ठरवा. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडून येणाऱ्यांनी शेवटच्या एसटीची वेळ मीटिंगच्या वेळेशी ताडून पाहावी. नाही जमत म्हणाल तर ऑनलाइन आहे, पुढे सांगतो.

३. मीटिंग कुठे आहे ते शोधा

मी इथे कुठल्याही गटाचा पत्ता किंवा वार-वेळ मुद्दाम देत नाही. गट शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या खोलीत भरतात. जागा दुसऱ्याची असते, म्हणून बदलते. जुन्या पत्त्यावर जाऊन बंद दार बघणारा नवा माणूस तिथून सरळ कुठे जातो, हे मी वेगळं सांगायला नको. ताजी माहिती या ठिकाणी मिळेल:

• ए.ए. इंडियाचं अधिकृत संकेतस्थळ. भारतातलं त्यांचं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. संकेतस्थळावरच्या संपर्कावर फोन करून सोलापूरचा आणि जवळपासचा गट विचारा.
• १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. तिथे समुपदेशन मिळतं आणि जवळच्या उपचारांची माहितीही.
• १४४१६, म्हणजे टेली-मानस. रात्री तीनला डोकं बधिर झालं तरी चालतं, मराठीत बोलता येतं.
• सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागातले समाजसेवक. मला सगळ्यात जास्त भरवसा यांच्यावर वाटतो. कुठला गट नियमित भरतो आणि कुठला नुसता कागदावर आहे, हे त्यांच्या कानावर असतं.
• व्यसनमुक्ती केंद्रं. तिथे दाखल न होताही त्यांच्या पाठपुराव्याच्या मीटिंगला बसू देतात का, हे विचारता येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालतं. सोलापूरहून उपचारासाठी पुण्याला जाणारे खूप असतात. असा एखादा जुना मित्र शोधा, तो तुम्हाला हाताला धरून मीटिंगला नेईल.

ऑनलाइन मीटिंगा झूमवर भरतात, मराठीतही आणि हिंदीतही. आत जाण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव बदला, कारण फोनमध्ये बऱ्याचदा पूर्ण नाव असतं, कधी दुकानाचं नाव पण. इअरफोन लावा. हे स्वतःसाठी नाही, समोर बोलणाऱ्यासाठी. त्याचं दुःख तुमच्या वहिनीला ऐकू जायला नको.

देवाचा उल्लेख अजिबात नको असणाऱ्यांना स्मार्ट रिकव्हरी नावाचा वेगळा मार्ग आहे. त्यात विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धती वापरतात. त्याच्या मीटिंगा ऑनलाइन मिळतात, पण मुख्यतः इंग्रजीत.

४. फोनवर काय विचारायचं

फोन उचलणारा बहुतेक स्वतःच सुटलेला माणूस असतो, त्यामुळे लाज सोडा. हे विचारा:

मीटिंग खुली आहे की बंद? बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कुणीही येऊन बसू शकतं. पहिल्यांदा सोबत कुणी येणार असेल तर खुली निवडा, नाहीतर सोबतच्या माणसाला बाहेर थांबावं लागेल.

भाषा कोणती? सोलापुरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाहेर मराठी बोलणारा पद्मशाली माणूस रडतो तेलुगूत. कुणाचं कन्नड, कुणाचं दखनी. बहुतेक गट सरमिसळ भाषा चालवून घेतात, तरी तुमच्या भाषेत बोलणारा एखादा सभासद आहे का ते विचारा. नसेल तर जोडीला तेलुगू किंवा कन्नडमधली ऑनलाइन मीटिंग धरा.

बाई असाल तर: गटात बायका येतात का? आपल्या शहरात ‘हो’ असं उत्तर लगेच मिळेलच असं धरून चालू नका. बायकांची ऑनलाइन मीटिंग आहे का, एखाद्या सभासद बाईशी आधी फोनवर बोलता येईल का, हे मागायला संकोच करू नका. पिणाऱ्या बाईबद्दल आपल्याकडे लोक जे बोलतात ते पिणाऱ्या पुरुषाबद्दल बोलत नाहीत. त्यामुळे अशा ताया उपचाराला फार उशिरा पोचतात.

आणि शेवटचं: ‘मी पहिल्यांदा येतोय, बाहेर कुणी भेटेल का?’ बहुतेक वेळा कुणीतरी दारात उभं राहतं.

५. सोबत काय लागेल

मीटिंगसाठी: काहीही नाही. आधार नाही, फोटो नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. खिशात दहा-वीस रुपये असू द्या, कारण शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो. पहिल्यांदा आलेल्याने टाकलेच पाहिजेत असं नाही. गट बाहेरच्या कुणाकडून देणगी घेत नाही, जागेचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो. फोन नंबर लिहून घ्यायला छोटी वही.

सिव्हिलसाठी: आधार कार्ड, जुने केस पेपर, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, आणि शक्य असेल तर खरं बोलणारं घरचं एक माणूस.

६. पहिल्या दिवशी आत काय होतं

तास-दीड तास चालतं. सुरुवातीला थोडा वेळ शांतता, मग एक छोटी प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय हे कुणीतरी वाचून दाखवतं. त्यानंतर शेअरिंग. एकेक जण पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःची गोष्ट सांगतो. त्याला मध्येच कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, ‘अरे पण तू असं का केलंस’ असं विचारत नाही. आपल्याकडे चारजण जमले की सल्ला न देता तास काढणं किती अवघड, ते आठवून बघा. सुरुवातीला हीच गोष्ट विचित्र वाटते आणि पुढे त्यासाठीच माणूस जातो.

तुमच्यावर पाळी आली आणि बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. पुरे होतं. खरं नाव सांगायलाच हवं असंही नाही.

कधी कुणाचा ‘वाढदिवस’ असतो, म्हणजे न पिता एक वर्ष किंवा पाच वर्षं झालेली असतात. टाळ्या, मेडल, कधी केक. त्या दिवशी गेलात तर मीटिंग म्हणजे समारंभ असा समज होईल. नेहमीची मीटिंग साधी असते.

आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते: आत ओळखीचं कुणी भेटलं तर? सोलापूर एवढंसं, भेटणारच. साखर पेठेतला दुकानदार, पोराच्या शाळेतले सर, शेजारच्या गल्लीतला रिक्षावाला. पण तोही तिथे त्याच कारणासाठी बसलाय आणि त्यालाही तुमच्याइतकीच झाकपाक हवी आहे. तरी जड वाटत असेल तर सुरुवात घरापासून लांबच्या किंवा ऑनलाइन मीटिंगपासून करा. जाता जाता एवढंच म्हणतो, की परमिट रूमच्या दारात गाडी लावताना आपण कोण बघतंय याची एवढी फिकीर केली नव्हती.

पिऊन गेलात तर? शांत बसलात तर सहसा कुणी हाकलत नाही, पण बोलू नका. आणि त्या अवस्थेत गाडी चालवून अजिबात जाऊ नका.

७. ही मीटिंग आपली आहे का, हे कसं ओळखायचं

पहिल्या दिवशी निकाल लावू नका. पहिल्या दिवशी सगळेच ढोंगी वाटतात, नाहीतर सगळेच संत. किमान चार-पाच वेळा एकाच गटाला जा, जमल्यास दुसरा गटही बघा. जुने लोक नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा म्हणतात. सोलापुरात प्रत्यक्ष आणि ऑनलाइन मिळून ते जमतं.

बघायच्या गोष्टी: वेळेवर सुरू होते का? नव्या माणसाकडे कुणी येऊन बोलतं का? वर्ष-दोन वर्षं, दहा वर्षं न प्यायलेले लोक आहेत का, की सगळेच कालचे? मीटिंग संपल्यावर लोक पाच मिनिटं रेंगाळतात का? मला हे शेवटचं सगळ्यात बोलकं वाटतं. नऊला संपून नऊ वाजून एक मिनिटाला जिथे सगळे पांगतात, तिथे रात्री दहाला फोन करावा असा माणूस मिळत नाही.

खटकायला हव्यात अशा गोष्टी: फी मागणं, बाहेर कुणाचं गुपित फुटल्याचं कानावर येणं, गटातल्या माणसाने उसने पैसे मागणं किंवा स्कीम, विमा, साखळी धंदा गळ्यात मारणं, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या बंद कर असं सांगणं. यातलं शेवटचं कुणी प्रेमाने सांगेल, तरी ऐकू नका. गोळ्यांचं डॉक्टरशी बोला.

देवाच्या प्रश्नावर अनेक जण अडतात. दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ‘आपल्याहून मोठी शक्ती’ येते आणि ती कुणी कशी समजायची हे ज्याचं त्याच्यावर सोडलेलं आहे. कुणी सिद्धरामेश्वर म्हणतो, कुणी अल्लाह, कुणी येशू, आणि मी ओळखतो तो एक नास्तिक सरळ ‘हा गट’ म्हणतो. माळ घातली असेल तर ती काढायचीही गरज नाही. माळेने दारू सुटलेले लोक या जिल्ह्यात गावोगाव आहेत. पण माळ घातलेल्या माणसालाही रात्री आठ वाजता कुणाशी तरी बोलायचं असतं आणि दिंडी वर्षभर नसते.

हे सगळं खरंच चालतं का, असं विचाराल तर: २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती तपासली. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि माणसाला ए.ए.शी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतकेच, काही बाबतींत जास्त, उपयोगी दिसले. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. पण फुकटच्या उपायाला एवढा पुरावा क्वचित असतो.

स्पॉन्सर, म्हणजे बारा पायऱ्या समजावून सांगणारा जुना सभासद, महिन्याभरात शोधा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई धरावी अशी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे.

८. घरच्यांनी कुठे जायचं

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, तेही मोफत. पोरांसाठी अलाटीन. त्याने दारू सोडली नसली तरी तुम्ही जाऊ शकता. विड्या वळून घर चालवणाऱ्या ताईला स्वतःसाठी तास काढ म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून अल-अनॉनचीही ऑनलाइन मीटिंग विचारा, हात चालू ठेवून कानाने ऐकता येते.

ओढून आणू नका. ‘तू नाही आलास तर मी माहेरी जाते’ म्हटल्यावर आलेला माणूस दोन मीटिंगा बसतो आणि तिसरीच्या वेळेला बारमध्ये असतो. हो, कधी कधी असा आलेलाही टिकतो. पण त्यावर पैज लावू नका.

९. नेहमीचे खड्डे

नकळत द्यायचं औषध. भिंतींवर, रिक्षांवर जाहिराती दिसतात. यातल्या काहींत डायसल्फिराम असण्याची भीती असते. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, श्वास लागतो, हृदयावर ताण येऊन माणूस दगावूही शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण तपासून आणि पिणाऱ्याच्या संमतीने. भाजीत, चहात कालवून कधीच नाही.

उचलून नेणारी केंद्रं. रात्री गाडी येते, चौघे माणसाला उचलतात, तीन महिने भेट बंद. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ दारूच्या आजारालाही लागू होतो. केंद्राची नोंदणी असावी लागते, दाखल करण्याची ठरलेली पद्धत आहे आणि रुग्णाला स्वतःचे हक्क आहेत. पैसे भरण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरचं नाव मागा. टाळाटाळ झाली तर उठा.

श्रावण. ‘मी श्रावणात महिनाभर शिवत नाही, म्हणजे मला व्यसन नाही.’ गटारीला किती ढोसली आणि श्रावण संपल्यावर पहिल्या संध्याकाळी काय झालं, तेही सांगा म्हणावं.

गड्ड्याची जत्रा, लग्नसराई, पगाराचा दिवस. हे दिवस आधी कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्या दिवशीची मीटिंग, निदान एक फोन, पक्का करा. उपाशी, चिडलेले, एकटे किंवा दमलेले असाल तेव्हा तर नक्की. शेतावरची मटणाची पार्टी ‘मी फक्त जेवायला येतो’ म्हणून सांभाळता येईल, पण पहिल्या वर्षात नको.

‘मी यांच्याएवढा नाही.’ गटात कुणाचं घर विकलं गेलेलं असतं, कुणाचं लिव्हर गेलेलं. तुमचं अजून शाबूत असेल तर ते मीटिंग सोडायचं कारण नाही, दारू तिथेच थांबवा.

१०. मध्येच प्यायलात तर

पुढच्या मीटिंगला जा. ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ’ हा विचार प्रत्येकाला येतो आणि त्यात महिने जातात. स्पॉन्सरला त्याच रात्री किंवा सकाळी फोन करा. गटात फक्त ‘परत प्यायलो’ एवढं म्हणा, कुणी खोदून विचारणार नाही. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

मात्र सलग काही दिवस जोरात प्यायला असाल तर पुन्हा पहिल्या पायरीवर या. आधी डॉक्टर, सिव्हिल, गोळ्या. मागच्या वेळी फिट आली नव्हती म्हणून या वेळी येणार नाही असं नसतं, उलट वारंवार सोडण्या-धरण्याने पुढच्या वेळी त्रास वाढू शकतो. केस पेपर जपून ठेवलेला असेल तर तोच घेऊन जा, आणि या वेळी किती प्यायलात ते डॉक्टरांना खरं सांगा.